बारा जणींचा अंदाज

नांदेड, ६ जुलै २०२५

आदरणीय आप्पा,

सलाम. पाय कसा आहे? नीलाकाकूंना त्रास देऊ नका, त्या बिचाऱ्या दुकान आणि तुम्ही असं दोन्ही सांभाळतायत.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि इथं आमच्या प्रशिक्षक सिंधु मॅडमनी आमचे फोन काढून कपाटात ठेवलेत, म्हणजे आपली भिस्त पत्रांवरच. आमचा यासेर आठवड्यातून दोनदा अब्बांच्या गाद्या टेम्पोत घालून नांदेडला येतो. तोच आपला पोस्टमन. बहिणीसाठी त्यानं एवढं करावं.

तुम्ही विचारलं होतं, हा खेळ नेमका काय. मूळ अमेरिकेचा. तिकडं माणसं खांद्यांवर चिलखत चढवून एकमेकांना आडवं पाडतात, तो फुटबॉल. आमचा त्याचाच हलका प्रकार, फ्लॅग फुटबॉल. एका बाजूला पाच जणी. प्रत्येकीच्या कमरेला दोन फिती लटकलेल्या. चेंडू घेऊन पळणारीची फीत ओढली की तिचा डाव तिथंच थांबला. धक्का द्यायचा नाही, पाडायचं नाही. चेंडू पपईसारखा, दोन्हीकडं निमुळता. मागं उभी राहून एक जण तो फेकते, तिला क्वार्टरबॅक म्हणतात. बाकीच्या वळणं घेत पळतात आणि झेलतात. त्यातली मी एक. शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू गेला की गुण.

आमच्या संघाचं नाव गोदावरी घारी. बायकांची ही व्यावसायिक लीग यंदा पहिल्यांदाच होतेय. शिबिरात वीस जणी आहोत. दोन सराव सामने झाले की मॅडम बारा जणींना ठेवणार, त्यांच्याशी करार होणार. बाकीच्या घरी.

शाळेतली खेळाच्या बाईची नोकरी सोडून मी आलेय हे तुम्हाला माहीत आहे. हेडबाईंनी स्पष्ट सांगितलं, जागा धरून ठेवता येणार नाही. आणि अब्बांनी तर सगळ्या मोहल्ल्यात सांगून टाकलंय की पोरगी टीममध्ये गेली. टीममध्ये अजून कुठं गेलेय मी?

काल मॅडम सांगत होत्या, अमेरिकेत मोसम सुरू व्हायच्या आधी अंतिम संघात कोण असणार याचा अंदाज लिहिणारी माणसंच वेगळी असतात, तेच त्यांचं काम. मी म्हणाले, आमच्या लातुरातही एक आहेत, सध्या खाटेवर पडून आहेत. तर आप्पा, आमच्या बारा जणी ओळखून दाखवा. मी सगळं लिहीन.

तुमची
सदफ


लातूर, १० जुलै

चि. सदफला गुरुबसप्पाचे आशीर्वाद.

पाय प्लास्टरात हाय, डोकं मोकळं हाय. गिऱ्हाइकाला पोटमाळ्यावरचंच घंगाळ पाहिजे होतं. मी शिडीवर चढलो, गिऱ्हाईक तेवढ्यात निघून गेलं, आणि मी खाली आलो. तुझी काकू म्हणाली, ह्या वयात शिडी कशाला. मी म्हणालो, ह्या वयात गिऱ्हाईक तरी कशाला.

तुझं काम घेतलं. चहाच्या टपरीवरच्या मंडळींनी खाटेजवळ येऊन चौकशी केली, ह्या येळी कशाचा अंदाज. मी सांगितलं. कुणाला काही कळलं न्हाई, पण सगळ्यांनी माना हलवल्या. पंधरा-वीस वर्षं झाली, जिल्ह्याचा कबड्डीचा संघ लागायच्या आधी गोलाईच्या बाजारात मी नावं सांगतो, आणि लई तर एखादं नाव चुकतं. ती माझी अब्रू हाय.

कसं ओळखतो ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई, तुला सांगतो. कोण चांगलं खेळतंय ते सगळेच बघतात. मी बघतो, निवडणाऱ्याला कुणावाचून झोप लागणार न्हाई. ज्याच्यावाचून झोप लागत न्हाई, तो गडी आत.

म्हणून मला गुण-बिण नको लिहू. कोण चुकल्यावर काय करते ते लिही. कुणाला मॅडम रागावतात आणि कुणाला रागवायचंही सोडून दिलंय ते लिही. जेवताना कोण कुणाच्या शेजारी बसते. ज्या पोरीशेजारी बसायला जागा धरावी लागते, ती बहुतेक आत असते.

तुझा अब्बा चांदपाशा रोज संध्याकाळी दुकानाला फळ्या लावून माझ्याकडं येऊन बसतो. खिशात तुझा फोटो ठेवून राहिलाय. मी बघितला.

आप्पा


नांदेड, १७ जुलै

आदरणीय आप्पा,

तुमच्या पत्रानं माझे डोळेच वेगळे झाले. आता जेवताना मी भाकरीकडं कमी आणि पोरींकडं जास्त बघते.

मनिषा इथलीच, नांदेडची. उंच, आधी भाला फेकायची. आमची क्वार्टरबॅक तीच. चेंडू तिच्या हातातून सुटतो तेव्हा शीळ घातल्यासारखा आवाज येतो. चुकली की ती कुणाकडं बघत नाही, पुढचा चेंडू मागते. एकच गोष्ट मी बघितली. डावीकडं फेकायचं असलं की तिचा उजवा खांदा आधी थोडा खाली जातो. अगदी थोडा.

शिवानी माझ्या खोलीत आहे. किनवटकडच्या इस्लापूरची. सहस्रकुंडाच्या धबधब्याशेजारी वाढलेली, त्यामुळं मोठ्यानंच बोलते, कुजबुजही मोठ्यानं. पळायला लागली की तिची फीत कुणाच्या हाती लागत नाही. वळायच्या आधी ती डाव्या पायाची टाच अलगद उचलते. मला ती कुठं वळणार ते तिच्याआधी कळतं. तिला सांगितलं तर म्हणाली, मलाच माहीत नसतं, तुला कसं कळतं गं.

लोह्याची पुनम कबड्डीची. फिती ओढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. मॅडम सगळ्यात जास्त तिलाच रागावतात. जेवताना तिच्या शेजारी खरंच जागा धरावी लागते. देगलूरची कमरुन्निसा शांत, झेल सुटत नाही, पण पाय जड आहेत. ती चुकली की स्वतःशीच तेलुगूत काहीतरी बोलते आणि मग हसते.

बाकीच्यांचं वेगळ्या पानांवर लिहिलंय, एकेकीचं एकेक पान. वाचायला वेळ लागेल, पण तुम्हाला सध्या तेवढंच काम आहे.

माझं बरं चाललंय. दोन दिवस पावसानं चेंडू ओला होता, हातातून निसटायचा. अब्बांना सांगा, गादी इथं फार पातळ आहे, त्यांनी बघितली तर भांडतील.

सदफ


लातूर, २४ जुलै

चि. सदफ,

सगळी पानं दोन-दोनदा वाचली. एवढं बारीक कुणी लिहिलेलं मी आजवर वाचलं न्हाई. त्या पोरी माझ्या खाटेभोवती उभ्या हायत असं वाटून राहिलंय. शिवानी बोलायला लागली की मला सुद्धा ऐकू येतं.

अंदाज तयार हाय. मनिषा, शिवानी, पुनम ह्यांच्याबद्दल वादच न्हाई. खाली बाराही नावं लिहिली हायत. बारावी कमरुन्निसा. तिच्यापाशी मी लई थांबलो.

पोरी, तुझं नाव त्यात न्हाई.

तुझं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं असतं तर तो अंदाज न्हाई, तो प्रसाद झाला असता. मी जे वाचलं त्यावरून सांगतो. शिबिरात वीस पोरी हायत, तुझ्या पानांत एकोणीस दिसल्या. तू कुठंच दिसली न्हाईस. तू पळतेस कशी, चुकल्यावर काय करतेस, तुझ्या शेजारी कोण बसतं, एक अक्षर न्हाई. "माझं बरं चाललंय" एवढंच. असं कोण लिहितं? ज्याचं बरं चाललेलं नसतं, ते.

यादी मी कुणाला दाखवलेली न्हाई. चांदपाशानं विचारलं, मी म्हणालो अजून चालू हाय. तुझी काकू मात्र मागून वाचून गेली. सकाळपासून माझ्यासमोर ताट ठेवते आणि बोलत न्हाई.

तुझा
आप्पा


नांदेड, २७ जुलै

आप्पा,

यादी मिळाली. पायाची काळजी घ्या.

सदफ


लातूर, ३ ऑगस्ट

चि. सदफ,

यासेर दोनदा येऊन गेला, दोन्ही येळा हात हलवत. मी विचारलं, पत्र? म्हणाला, दिलं न्हाई. मी विचारलं, कशी हाय? म्हणाला, बोटाला पट्टी बांधून बसली होती, मैदानाच्या कडेला.

बोटाला पट्टी? हे मला टेम्पोवाल्याकडून कळावं?

तू रागावलीस ते बरोबर हाय. मी शब्द मागं घेत न्हाई, पण एक सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा माझा अंदाज चुकावा म्हणून मी देव्हाऱ्याकडं तोंड करून बसलोय. काकू ते बघून कालपासून बोलायला लागली.

चार ओळी लिही. भांडायला लिही, चालतंय.

आप्पा


नांदेड, ९ ऑगस्ट

आदरणीय आप्पा,

भांडायला बसले होते, पण सांगायचंच एवढं साठलंय की भांडण राहून गेलं.

आधी बोटाचं. शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात झेल घेताना डाव्या हाताचं बोट मुरगळलं. सांगितलं तर घरी पाठवतील म्हणून गप्प राहिले. मग प्रत्येक झेल घेताना हात आपोआप आखडायचा आणि चेंडू सुटायचा. तुम्हाला लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, म्हणून नाही लिहिलं.

तुमची यादी वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या सकाळी सरळ मॅडमकडं गेले आणि विचारलं, मी कुठं आहे? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सतराव्या नंबरवर. हात पुढे कर." त्यांनी बोट बघितलं, पट्टी बांधली आणि आठवडाभर कडेला बसवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे पहिला सराव सामना मी बसून बघितला. हैदराबादच्या मुली होत्या. अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही पुढं. मग त्यांच्यातल्या एकीला मनिषाचा खांदा कळला. खांदा खाली गेला की ती आधीच डावीकडं पळायची. मनिषाचे तीन चेंडू त्यांनी मधल्या मधे पळवले, आणि आम्ही हरलो.

संध्याकाळी मनिषा पायऱ्यांवर एकटी बसली होती. मी जाऊन तिला खांद्याचं सांगितलं. तिला वाटलं मी डिवचतेय. उठून गेली. पण सकाळी दारात उभी, हातात चेंडू. म्हणाली, "तू फेकून दाखव माझ्यासारखं. मला बघू दे माझा खांदा कसा दिसतो."

मैदानावर आम्ही दोघी, आणि धावायला शिवानीला उठवून आणलेलं. मी मनिषाची नक्कल केली, खांदा पाडून. मग खांदा न पाडता फेकलं. शिवानी वळायच्या आधीच चेंडू सोडला होता. ती वळली आणि तो तिच्या छातीवरच आला. मनिषा म्हणाली, परत. मी परत फेकला. सॉफ्टबॉल खेळायचे तेव्हा मी कायम लांबून फेकायचे, तुम्हाला आठवत असेल, पण इथं मला कुणी फेकायला सांगितलंच नव्हतं आणि मीही कधी म्हणाले नाही. मुरगळलेलं बोट डावं. फेकायला उजवा लागतो.

मॅडम फाटकापाशी कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. मनिषाच त्यांच्याकडं गेली. मला वाटलं, आता ही सांगेल की सदफ माझ्या चुका काढते. तर ती म्हणाली, "मॅडम, हिला फेकू द्या. मी पुढं पळते. माझी उंची तिकडं कामाला येईल."

आप्पा, ती तिची जागा होती. अजून कुणी मागितलीही नव्हती.

काल दुसरा सामना, नागपूरच्या मुलींशी. पूर्वार्धात मनिषानं फेकलं, आता खांदा सरळ. बरोबरी होती. उत्तरार्धात मॅडमनी मला पाठवलं. पहिला चेंडू फेकायच्या आधी माझे कान बंद झाल्यासारखे झाले. मग समोर शिवानीची टाच उचललेली दिसली आणि सगळं सोपं झालं. कोण कुठं जाणार ते मला वाचता येत होतं, आमच्याही आणि त्यांच्याही. शेवटच्या डावात सगळ्या शिवानीच्या मागं पळाल्या, म्हणून मी तिच्याकडं बघत बघत मनिषाकडं फेकला. रेषेपलीकडं, उंच. तिच्याशिवाय तिथं कुणाचा हात पोचलाच नसता.

जिंकलो. पुनमनं मला उचललं आणि पाडलं, ते या खेळात चालत नाही.

परवा नावं सांगणार आहेत. तुम्ही यादी बदलणार का?

सदफ


लातूर, १० ऑगस्ट

चि. सदफ,

यासेर गाडी बंद न करताच पत्र देऊन दारात उभा हाय, म्हणून घाईत लिहून उलट टपाली त्याच्याच हाती देतोय.

यादी बदलणार न्हाई. निकाल समोर दिसायला लागल्यावर नाव घालणं ह्याला अंदाज म्हणत न्हाईत. माझी यादी जशी हाय तशी राहू दे आणि तुझ्या हातानं ती फाटू दे.

त्या मनिषाला माझा नमस्कार सांग. नमस्कारच, आशीर्वाद न्हाई.

आप्पा


नांदेड, १३ ऑगस्ट

आदरणीय आप्पा,

फाटली.

परवा सकाळी मॅडमनी आम्हाला मैदानात गोल बसवलं. मी मनाशी ठरवलं होतं, बारावं नाव येईपर्यंत श्वास मोजत बसायचं, आधी काही ऐकायचंच नाही. त्यामुळं मॅडमनी पहिलं नाव घेतलं ते मी ऐकलंच नाही. शिवानीनं कोपर मारलं. मी म्हटलं, तुझं आलं का? ती तिच्या त्या आवाजात म्हणाली, "अगं ये, तुझं आलंय." सगळ्या हसल्या. मॅडमनी परत वाचलं. "क्वार्टरबॅक, सदफ चांदपाशा पिंजारी." दुसरं मनिषाचं. तिनं माझा हात धरला तो बारावं नाव होईपर्यंत सोडला नाही, आणि नेमका दुखरा हात होता, तरी मी तो काढून घेतला नाही.

शिवानी आत, पुनम आत. आप्पा, तुमची बाकीची अकराच्या अकरा नावं बरोबर आली. एकच चुकलं. कमरुन्निसा राहिली. दुपारी तिला देगलूरच्या गाडीत बसवायला गेले. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर टपली मारली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, पण ती हसत होती. परत आल्यावर बघते तर माझ्या पायात तिच्या चपला. माझ्या तिच्याबरोबर गेल्या. तिच्या चपला मी घासून ठेवल्यात, पत्ता घेऊन पाठवणार आहे.

नंतर मॅडमना मी विचारलं, सतराव्या नंबरवरून पहिली कशी? त्या म्हणाल्या, "मनिषा तिची जागा सोडायला आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. मनिषानं जिच्यावर विश्वास टाकला तिला बाहेर कशी ठेवू?" मी तुमचं झोपेचं गणित त्यांना सांगितलेलं नाही, शपथ.

करारावर सही केली. अब्बांना तुम्हीच सांगा. फोन परत मिळालेत, पण माझ्यानं फोनवर होणार नाही, मी रडेन आणि त्यांना वाटेल घरी येतेय.

सदफ


लातूर, १७ ऑगस्ट

चि. सदफ,

सांगितलं. कसं सांगितलं ते ऐक.

यासेरनं पत्र दिलं तेव्हा चांदपाशा दुकानात सुई-दोरा घेऊन गादीला टाके घालून राहिला होता. मी निरोप धाडून त्याला बोलावलं. तो धावतच आला, हातात सुई तशीच. त्याला वाटलं माझंच काही झालं. मी त्याला खाटेवर बसवलं आणि पत्र पहिल्यापासून वाचलं. मधे टपरीवरची मंडळी जमली. तुझं नाव पहिलं आलं ते वाचलं. चांदपाशानं सुई डोक्यावरच्या टोपीत खोवली, उठला, बाहेर गेला, आणि तुझी काकू सांगते की दुकानाच्या मागं कापसाच्या ढिगाऱ्यात तोंड घालून लई येळ उभा होता. आला तेव्हा भुवयांत कापूस, दाढीत कापूस. कुणी झटकला न्हाई.

मग मी माझी यादी काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. तुझं नाव त्यात न्हाई हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गोलाईत पहिल्यांदा मी चुकलेलं नाव आधी वाचलं, बरोबर आलेली नंतर. मला वाटलं चांदपाशाला राग येईल. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही पत्रं वाचून लिवलं. मी पोरगी बघून मोहल्ल्यात बोललो व्हतो."

त्यानं पेढे न्हाई वाटले. अख्ख्या बारा जणींसाठी जाड गाद्या भरायला घेतल्यात, चांगल्या कापसाच्या. म्हणाला, घारी झाल्या म्हणून काय झालं, पाठ टेकायला पाहिजे. दिवसभर त्याच्या दुकानातून पिंजण्याचा आवाज येऊन राहिलाय आणि माझ्या कानालासुद्धा तो ऐकू येतोय.

माझं प्लास्टर परवा काढलं. पाय बारीक झालाय, पण माझाच हाय. एकतीस तारखेला तुमचा पहिला सामना, यासेर गाद्या घेऊन निघणार, आणि मी त्याच गाद्यांवर आडवा होऊन येणार. काकू पुढं बसणार, चांदपाशा माझ्याजवळ. अहमदपूरला चहा, लोह्याला पुनमच्या घरच्यांना हाक, आणि पुढं सरळ मैदान.

टपरीवरची मंडळी विचारून राहिलीत, आप्पा, कोण जिंकणार? मी म्हणालो, मला विचारू नका. आता अंदाज न्हाई. आता बघायला चाललोय.

तुझा
गुरुबसप्पा